काडीभर टाच

"पाय घासून धुवा, पोरींनो. भेगांतली मातीसुद्धा राहता कामा नये. बूट नवे आहेत."

खैरनार सरांचा तो आवाज अजून माझ्या कानात आहे. घोगरा, रोज पहाटे शिट्ट्या मारून मारून सोलवटलेला. क्रीडा वसतिगृहाच्या मागच्या नळापाशी आम्ही अकरा जणी रांगेनं उभ्या होतो आणि एकमेकींच्या पायांवर लोट्यानं पाणी ओतत होतो. माझ्या पायांवर चंद्री ओतत होती.

"देवके, तुझ्या पायाचं पाणी बघ. नागलीचं पीठ कालवल्यासारखं."

"तुझ्या पायाचं बघ आधी. भाताची रोपं लावता येतील त्यात."

"लावू की. पिकेपर्यंत तू घासतच बसशील."

चंद्री म्हणजे चंद्रभागा महाले. मी देवकी भोये. आमची गावं सुरगाण्याच्या डोंगरात, मध्ये कड्याची एकच धार. तिच्या गावात कोंबडा आरवला की माझ्या गावात ऐकू यायचा. नाशिकच्या त्या वसतिगृहात बाकीच्या मुली कुठून कुठून आलेल्या. आमची बोली कळणारी मला तीच आणि तिला मीच. खोली एक, खाटा शेजारी, आणि पळायचं अंतरही एकच, पाच हजार मीटर.

तिथंच सगळा गुंता होता. डिसेंबरात राज्य स्पर्धा होती. पाच हजारासाठी वसतिगृहातून एकच मुलगी जाणार होती. त्या स्पर्धेत पहिल्या तिघींत आलं की पोलीस भरतीचा रस्ता उघडत होता, आणि नाही आलं की परत डोंगर, रोजगार हमी आणि लग्न. सरांच्या वहीत पहिलं नाव माझं होतं, दुसरं चंद्रीचं. दोन नावांमध्ये फार तर पावलाचं अंतर.

तोवर आम्ही अनवाणीच पळत होतो. कुठल्याशा कंपनीनं बूट दिले. पांढरे, कडेला निळी पट्टी, आणि टाच अशी जाड की उभं राहिलं तर आपणच आपल्याला उंच वाटावं. दीड महिन्यानं एका रविवारी कंपनीची माणसं फोटो काढायला येणार होती. सरांनी दोन नियम सांगितले. आजपासून बुटाशिवाय कुणी मैदानात उतरायचं नाही. आणि जिचं काही दुखेल, तिचं नाव वहीतून कापलं जाईल. दुखरा पाय घेऊन राज्याला जाता येत नाही.

बूट घालून पहिली फेरी मारली तेव्हा वाटलं, परक्याच्या घरात गादीवरून पळतेय. अनवाणी पायाला मैदान सगळं सांगतं. इथं मुरूम भुसभुशीत आहे, इथं रात्रीचं दव आहे, इथं खडा आहे, बोटं आकस. बूट चढल्यावर तेच मैदान भिंतीपलीकडून बोलल्यासारखं झालं. बोलतंय एवढं कळायचं, काय बोलतंय ते नाही. आमच्याकडे उतारावर डोक्यावर भारा घेऊन उतरताना कुणी टाच आपटत नाही. आधी चवडा, मग उरलेलं पाऊल, सावकाश. आता मी चवडा टाकायला जायचे आणि माझ्याआधी बुटाची टाच जमिनीला पोचलेली असायची. धक्का नडगीतून वर चढायचा आणि गुडघ्यात जाऊन बसायचा.

पळताना आम्ही दोघी मनात गाणं धरायचो. चार पावलांना एक ओळ. चंद्री चालता चालता ओव्या रचायची, त्यातली एक आमची ठरलेली होती:

वाट माझ्या डोंगराची, खडा बोले पावलाला
हळू टेक बाई टाच, झोप लागली दगडाला

बूट आल्यापासून माझी ओळ चुकायला लागली. 'टाच'वर पाऊल यायचं ते 'झोप'वर यायला लागलं. चंद्री मात्र पुढं जशीच्या तशी पळत होती. तिच्या पायातही तेच बूट होते. हिचं चुकत नाही आणि माझंच कसं चुकतं, हा पहिला काटा तेव्हा टोचला.

आज मी मुलींना पळायला शिकवते. आता पातळ तळव्याचे, पायाच्या पंजाएवढे रुंद बूट मिळतात, जाड बुटांपेक्षा महाग. अनवाणी पळाल्यासारखं वाटावं म्हणून. मुली विचारतात, मॅडम, कुठले चांगले? मी सांगते, पन्नास पावलं पळून दाखव, मी डोळे मिटून ऐकते. डांबरावर, काचांवर कुणी अनवाणी पळू नये. मी स्वतः तळवे फाटलेले बघितलेत. बूट वाईट नसतात. कुठला बूट कुठल्या पायाचं ऐकतो, एवढंच बघायचं असतं. पण हे सगळं नंतरचं. तेव्हा मी सोळा वर्षांची होते, आणि नव्या बुटांना नावं ठेवणं म्हणजे माजल्यासारखं वाटलं असतं.

तिसऱ्या आठवड्यात उजवा गुडघा ठणकायला लागला. आतल्या बाजूनं. मी न्हाणीत कडी लावून हळद आणि तेल चोळायचे, वरून ट्रॅकपँट. कुणाला सांगितलं नाही. पण शेजारच्या खाटेवर निजणाऱ्या माणसापासून काय लपतं?

"दुखू राहिलं ना?" चंद्रीनं एका दुपारी विचारलं.

"काय?"

"हळदीचा वास येतो. लग्न ठरलं नाही तुझं, म्हणजे गुडघाच असंल."

"खरचटलंय जरा."

"बुटांमुळं आहे ते. चार दिवस बूट काढून पळ. पहाटे, सर यायच्या आधी. गुडघा निवंल."

मी तिच्याकडे बघितलं. बुटाशिवाय मैदानात उतरायचं नाही हा नियम होता. सर कधी लवकर आले तर? माझं नाव कापलं की खालचं नाव वर येणार, आणि खालचं नाव कुणाचं होतं?

"तू काढ आधी," मी म्हणाले.

तिनं वेणी सोडली, परत घातली.

त्यानंतर आठवडाभरानं एका पहाटे बूट घातले आणि पाऊल उथळ पडलं. ओळखीच्या जिन्याची एक पायरी कुणी रात्रीत कमी करावी, तसं. दिवसभर काही सुचलं नाही. दुपारी खाटेवर बसून बूट उलटे केले. टाचेचं रबर कडेनं जरा तिरकं झाल्यासारखं वाटलं. झिजलं असेल, म्हटलं. पण एका महिन्यात? आणि दोन्ही सारखे?

मी काडेपेटीतली काडी घेतली, टाचेला लावून उभी धरली आणि जमिनीपासून निळी पट्टी जिथं आली तिथं नखानं खूण केली. काडी उशीच्या खोळीत ठेवली. तीन दिवसांनी परत लावली. निळी पट्टी खुणेच्या खाली आली होती. तांदळाच्या दाण्याएवढी.

"चंद्रे, माझे बूट कुणी तरी घासू राहिलंय."

ती कपड्यांच्या घड्या घालत होती. "उंदीर असंल."

"उंदराला रबर गोड लागतं होय?"

"शहरातला उंदीर आहे. त्याला काय काय गोड लागतं."

"उंदीर दोन्ही टाचा मापून खातो?"

"शिकलेला असंल," ती म्हणाली आणि हसली. नेहमी असं काही बोलली की ती माझ्याकडे बघून हसायची. त्या दिवशी घडीकडे बघून हसली.

तेव्हापासून मी सगळ्यांवर नजर ठेवायला लागले. खोल्या झाडणाऱ्या मावशी माझ्या खाटेखाली फार वेळ का वाकतात? आठशे मीटरवाली मुलगी माझ्या बुटांकडे बघून काय म्हणाली? सरांनी आज माझ्या पायांकडे दोनदा का बघितलं? जेवताना ताटावर नजर नसायची माझी, हातांवर असायची. कुणाच्या नखांत पांढरी पूड आहे का ते बघायचे. सरांना सांगावं तर पायाची गोष्ट निघणार, पाय दाखव म्हणणार. म्हणून गप्प.

आठवड्यातून तीन दिवस दुपारी माझी भाकरीची पाळी असायची. घासणारा तेवढ्याच वेळात घासत असणार. एका सोमवारी भाकऱ्या उरकून मी मागच्या धुण्याच्या दगडाकडे गेले. काळा, खरबरीत दगड. त्याच्या भेगेत पांढरी पूड होती. साबण असेल म्हणून बोटावर घेऊन वास घेतला. रबराचा वास.

मग मी एक युक्ती केली. आमच्याकडे गवताचा भारा बांधायची एक गाठ असते. वरून साधी दिसते, पण तिचा एक पदर पोटातून फिरवून परत आत खोचलेला असतो. डोंगराच्या चढावर सुटत नाही आणि घरी आलं की एका झटक्यात सुटते. वसतिगृहातल्या दुसऱ्या कुणाला ती येणं शक्य नव्हतं. बुधवारी भाकरीला जाताना मी दोन्ही बुटांच्या नाड्या एकत्र करून त्यांना ती गाठ मारली. कुणी सोडली तर परत तशी बांधता येणार नाही, आणि मला कळेल.

परत आले. गाठ जशीच्या तशी होती.

हायसं वाटलं. काडी काढून लावली. टाच आणखी दाणाभर खाली गेलेली.

मी बूट मांडीवर घेऊन त्या गाठीकडे बघत राहिले. गाठ आमचीच होती. पदर पोटातून फिरला होता, आत खोचला होता. फक्त माझ्या गाठीचं शेपूट उजवीकडे येतं, आणि हिचं डावीकडे आलं होतं. डाव्या हातानं भारा बांधणाऱ्या माणसाची गाठ. वसतिगृहात आमच्या डोंगरातली डावखुरी एकच होती. माझ्या शेजारच्या खाटेवर निजत होती.

मी त्या दिवशी काही बोलले नाही. गुरुवारीही नाही. न्हाणीत हळदीची वाटी वाळून गेली होती, ती घासून ठेवली. शुक्रवारी चंद्रीनं विचारलं, "आजकाल गप्प गप्प असतेस?"

"तुला बोलायला उंदीर आहे की," मी म्हणाले.

तिचा चेहरा क्षणभर उतरला. मग तिनं पांघरूण ओढून घेतलं.

शनिवारी सरांनी वेळ लावली. पाच हजार मीटर, घड्याळावर. राज्याला कोण जाणार ते त्यावर ठरणार होतं. साडेबारा फेऱ्या मी तिच्या पाठीवर नजर ठेवून पळाले. शेवटच्या फेरीत तिला गाठलं, खांद्याला खांदा लागला, आणि सरळ रेषेत ती सुटली. सरांनी वेळ वाचून दाखवली. माझी आतापर्यंतची सगळ्यांत चांगली वेळ होती. चंद्रीची त्याहून दोन सेकंदांनी चांगली.

"उद्या कंपनीच्या माणसांसमोर नाव सांगतो," सर म्हणाले.

चंद्री धापा टाकत माझ्याजवळ आली. "भारी पळालीस गं, देवके." तिला खरंच आनंद झाला होता की काय, देव जाणे. मी नाड्या सोडायला खाली वाकले.

रविवारी सकाळी फोटोची माणसं यायच्या आधी मी सरांच्या खोलीत गेले. दोन्ही बूट आणि काडी टेबलावर ठेवली. सगळं सांगितलं. दगड, पूड, गाठ. सांगताना रडू आलं. खरं होतं रडू; कशाचं होतं ते मी तेव्हा स्वतःला विचारलं नाही.

सरांनी चंद्रीला बोलावलं. दारातच ती थबकली. टेबलावरचे बूट दिसले असणार.

"हे तू केलंस?"

"हो, सर."

सरांना एवढ्या लवकर उत्तर अपेक्षित नव्हतं. "तुझे बूट आण बघू."

तिनं आणले. तिच्या टाचा माझ्यापेक्षा पातळ होत्या. पार सपाट, कडेनं गुळगुळीत केलेल्या. निळी पट्टी तेवढी शाबूत ठेवली होती म्हणून लांबून दिसत नव्हतं.

"स्वतःचेही? अगं, तासाभरात ती माणसं येतील. त्यांना काय दाखवू मी? फुकट मिळालेल्या वस्तूची ही किंमत?" सरांचा आवाज चढला. मग खाली आला. "तुझं तू काहीही केलं असतंस. हिच्या बुटांना का हात लावलास?"

चंद्रीनं माझ्याकडे बघितलं. चेहऱ्याकडे नाही. ट्रॅकपँट मी वर दुमडलेली होती. तिची नजर माझ्या उजव्या गुडघ्यावर आली आणि तिथंच थांबली.

मी ट्रॅकपँट खाली ओढली.

"बोल की. शर्यतीत पाडायचं होतं हिला?"

"तसंच समजा, सर."

"समजा काय? हो की नाही?"

"हो."

सरांनी वहीतून तिचं नाव कापलं आणि दुपारच्या एसटीनं ती गेली. सरांनी शेवटपर्यंत वाट बघितली, माफी मागेल म्हणून. मी भाकरीच्या पाळीवर होते. त्या दिवशी माझी पाळी नव्हती, तरी होते. खोलीत आले तेव्हा तिची गादी गुंडाळलेली होती आणि खाटेच्या लोखंडी पट्ट्यांवर बूट ठेवलेले, शेजारी शेजारी, टाचा भिंतीकडे.

सरांकडे एक जोड शिल्लक होता. नवा कोरा. संध्याकाळी त्यांनी तो माझ्यासमोर धरला. "घे. तुझ्या मापाचा आहे. राज्याला घासलेले बूट घालून जाऊ नकोस."

"राहू द्या, सर," मी म्हणाले. "हे पायाला बसलेत."

राज्याला मी तिसरी आले. मग भरती झाली. मग खात्याच्या संघातून चौदा वर्षं पळाले. बरोबरीच्या मुली एकेक करून गुडघे, पोटऱ्या धरून बसल्या, मी पळत राहिले. पळणं थांबलं तेव्हा मार्गदर्शक झाले. डोंगरातल्या मुलींच्या चाचण्या घ्यायला कुणी जायचं असा प्रश्न निघाला की मी दुसऱ्या कुणाचं नाव सुचवायचे. चंद्री गेल्याला अठ्ठावीस वर्षं झाली तरी मी दरवेळी दुसरंच नाव सुचवत राहिले.

गेल्या वर्षी दुसरं कुणी नव्हतं. सुरगाण्याच्या पलीकडची एक आश्रमशाळा. सकाळी मुलींना पळवलं, वेळा घेतल्या, आणि आंब्याखाली खुर्ची टाकून बसले. स्वयंपाकघरातून एक बाई चहा घेऊन आली. पदर खोचलेला, केस निम्मे पांढरे.

"साखर कमी टाकली, मॅडम. पळणाऱ्यांना कमी लागते."

आवाज कोंबड्याच्या आरवासारखा धार ओलांडून आला. मी उठून उभी राहिले.

"चंद्रे?"

"बसा बसा. मोठ्या माणसांनी उभं राहिलं की पोरी बघतात."

"मॅडम काय, बसा काय. मार खाशील."

"पकडायला पळावं लागंल," ती म्हणाली. "जमंल का आता?"

मग ती हसली, माझ्याकडे बघून, आणि शेजारी जमिनीवरच बसली. मीही खुर्ची सोडून खाली बसले. ती गेली बारा वर्षं तिथं स्वयंपाकीण होती. नवरा होता, दोन मुलगे होते. पळणं? "बस चुकत असली की पळते." मुली पुढ्यात घोळक्यानं पाणी पीत होत्या. बऱ्याचशा अनवाणी होत्या.

"गुडघा कसा आहे?" तिनं विचारलं.

"बरा आहे."

"मला नेहमी वाटायचं. घासलं खरं, पण माप चुकलं असंल का, एका बाजूनं जास्त गेलं असंल का. दगडावर काय कळतं? एकदम घासलं असतं तर पोटऱ्या धरल्या असत्या, म्हणून दाणा दाणा. आधी माझ्यावर करून बघितलं, मग तुझ्यावर." ती हातातली बशी पदरानं पुसत होती, कोरडी होती तरी. "तुला विचारून करायला पाहिजे होतं. तेच चुकलं माझं. पण तू ऐकायची नाहीस. माझं तर नाहीच."

मी चहाचा कप खाली ठेवला.

"सरांसमोर सांगणार होते. जिभेवर आलं होतं. पण गुडघ्याचं नाव काढलं असतं तर त्यांनी तुलाही वहीतून कापलं असतं. मग कुणीच गेलं नसतं आपल्यातलं." ती थांबली. "तुझा राग नव्हता माझ्या मनात, एवढं सांगायचं होतं. मनात म्हणायचे, पोरगी बिचारी, तिला वाटलं चंद्रीनं घात केला. कुणालाही वाटलं असतं. तुला काय माहीत होतं?"

समोर एका मुलीनं पायातला काटा काढला, बघितला आणि फेकून दिला. चंद्री उठायला लागली. पाचशे भाकऱ्या व्हायच्या होत्या. मी तिचा डावा हात धरला आणि तिला परत खाली बसवलं.

"त्या शनिवारी माझा गुडघा दुखत नव्हता, चंद्रे," मी म्हणाले. "बुधवारी गाठ बघितली, तेव्हाच थांबलेला होता. तू काय करतेस आणि कशासाठी, ते मला त्याच दिवशी कळलं होतं. पण तू दोन सेकंद पुढं आलीस, आणि जागा एकच होती."